खाणीत पारखलेलं मशीन

मोरजीच्या किनाऱ्यावर पांडुरंग तांडेलाचा जो मान होता, तो निवडून आलेल्यांनाही नव्हता. पहाटे होडी पाण्यात ढकलायच्या आधी तो गुडघाभर पाण्यात उभा राही, ओंजळीत समुद्राचं पाणी घेई, चाखे, थुंके, डोळे बारीक करून एकदा केरीच्या बाजूला आणि एकदा शापोऱ्याच्या बाजूला बघे आणि म्हणे, "आज केरी." बस्स, एवढंच. बाकीच्या दहा होड्यांचे तांडेल निमूटपणे आपापली होडी केरीकडे वळवत. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. एवढ्या वर्षांत पांडुरंग इतक्या कमी वेळा चुकला होता की जेव्हा चुकला तेव्हा लोकांनी दोष समुद्राला दिला.

आता खरं सांगायचं, तर समुद्राच्या पाण्यात पांडुरंगाला मिठाखेरीज कसलीही चव लागत नसे. ती चव लागायची त्याच्या बायकोला, आणि तीही समुद्रात नव्हे, म्हापशाच्या बाजारात. वत्सला तिथे मासळी विकायला बसे. तिच्या एका अंगाला केरीच्या बायका, समोर शापोऱ्याच्या, आणि मागे मोरजीचीच सुमंगला, मच्छीमार संस्थेच्या चेअरमनची बायको. कोणाच्या पाटीत कसले बांगडे, कोणाच्या माशांच्या कल्ल्यांत चिखल आणि कोणाच्या रेती, कोणाचा नवरा दोन दिवस रिकामा परत आलाय, हे सगळं गिऱ्हाइकाशी घासाघीस करता करता वत्सला टिपून घेई. संध्याकाळी पेज वाढताना ती सहज म्हणे, "केरीच्यांका दोन दीस बांगडो बरो गावता. खडपाच्या भायल्या अंगाक." पांडुरंग पेजेत मान घालून म्हणे, "हूं." आणि सकाळी तेच 'हूं' तो सगळ्यांसमोर समुद्रातून चाखून बाहेर काढे.

वत्सलेची याबद्दल कधी तक्रार नव्हती. घरात पाटी भरून येते म्हटल्यावर नाव कोणाचं याचा हिशेब ती मांडत बसली नाही. पांडुरंगानेही तो मांडला नाही, कारण मांडला असता तर त्याच्या बाजूला शून्य उरलं असतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

घोटाळा केला तो प्रथमेशने. होडीत तीन भागीदार. पांडुरंग, त्याचा पुतण्या प्रथमेश आणि शेजारचा सुदेश. प्रथमेश तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत औषधांच्या कारखान्यात कामाला होता आणि शिफ्ट सांभाळून समुद्रात यायचा. कारखान्यात जाऊन त्याचा एका गोष्टीवर देवापेक्षा जास्त विश्वास बसला होता, ती म्हणजे सेन्सर.

"काका," तो जूनमध्ये, होड्या वर ओढून झाल्यावर म्हणाला, "आमच्या कंपनीत पाकिटात एक गोळी कमी पडली तरी सेन्सराक कळता. सगळ्या जगान फिशफाइंडर घेतल्यान, आणि आमी अजून पाणी चाखतांव!"

सुदेशने मान डोलावली. पांडुरंगाने होडीची दोरी उगाच पुन्हा आवळली. मशीन खरं निघालं, तर उद्यापासून पहाटे त्याच्या तोंडाकडे कोण बघणार? देवळाच्या सभामंडपात पुढची जागा कोण देणार? पण नको म्हणायचीही सोय नव्हती. मशीनला घाबरणारा तांडेल म्हणजे परीक्षेला घाबरणारा मास्तर.

"घेवया मां," तो म्हणाला. "पण पारखतलंय मी."

यावर दोघांचं काहीच म्हणणं नव्हतं. माशांतलं पांडुरंगाइतकं कळतं कोणाला? आणि पांडुरंगाने मनाशी गाठ मारली, की अख्ख्या गोव्यात सापडेल तेवढं खोटारडं मशीन शोधून आणायचं. महिनाभर ते वाट्टेल ते दाखवील, लोक विटतील, आणि परत ओंजळीकडे वळतील. खात्रीचं मशीन शोधायला बाजारात पुष्कळ लोक जातात. बिनखात्रीचं शोधायला एवढी पायपीट करणारा हा बहुधा पहिलाच.

म्हापशाच्या दुकानात विक्रेत्याने काउंटरवर भला मोठा रंगीत पडदा ठेवला आणि बटण दाबलं. पडद्यावर माशांचे थवेच्या थवे पोहू लागले. पांडुरंग हरखून गेला. समुद्र काही मैल लांब, काउंटर कोरडा ठणठणीत, आणि मशीन मासे दाखवतंय! याहून खोटं मशीन माणसाने मागावं तरी कसं?

"ह्यांच दी," तो म्हणाला.

"काका, हा डेमो आहे," विक्रेता हसला. "आतलं चित्र आहे ते. पाण्यात टाकल्यावर खरं काय ते दाखवेल."

पांडुरंगाचा उत्साह मावळला. विक्रेत्याने आणखी एक नवं काढलं, आणि पांडुरंग फारच खोदून विचारतोय असं बघून शेवटी एक जुनंही आणलं, कडेला तडा गेलेलं, कोणीतरी बदलीत परत दिलेलं. दुकानाचा मालक प्रथमेशच्या मित्राचा मामा. त्याने सांगितलं, तिन्ही घेऊन जा, दोन दिवस पाण्यात तपासा, आवडेल ते ठेवा. पण तपासायची कुठे? जुलै महिना, मासेमारी बंद, समुद्र खवळलेला. आणि नदीत तपासायला जावं तर काठावर अर्धा गाव गोळा व्हायचा.

तेव्हा त्याला आपला साडू आठवला. सदाशिव पाळीला राहायचा. तीस वर्षं खाणीवर सर्व्हेअर होता. खाण बंद पडली, पण सदाशिवाचं मोजमाप बंद पडलं नव्हतं. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत किती मीटर हेही तो पाहुण्यांना सांगत असे. त्याच्या घरामागे खाणीचा जुना खड्डा पाण्याने भरून बारमाही तलाव झाला होता.

पुढच्या रविवारी पांडुरंग आणि वत्सला तिन्ही मशीनं घेऊन पाळीला गेले. प्रथमेशला शिफ्ट होती, हे पांडुरंगाच्या पथ्यावर पडलं. सदाशिवाने चहा यायच्या आधीच पत्र्याच्या नळीतून नकाशा काढून पलंगावर पसरला.

"या खड्ड्याचा इंच न् इंच माझ्या नकाशात आहे," तो म्हणाला. घरातही तो कचेरीतल्यासारखंच बोलायचा. "मधोमध तळ एकेचाळीस मीटर. मशीनने बेचाळीस सांगितलं की मशीन बाद."

"आणि मासे?"

"मासे? अहो, लोखंडाचं पाणी ते. त्यात बेडूकसुद्धा नाही."

पांडुरंगाला देव पावल्यासारखं झालं. जिथे एकही मासा नाही, तिथे जे मशीन मासे दाखवील तेच आपलं! इतकी सोपी परीक्षा तुयेच्या कारखान्यातही होत नसेल.

तेवढ्यात त्याची मेहुणी, चंद्रावती, चहाचे कप घेऊन बाहेर आली. "भावोजी, खाणीत म्हणाल्यार..."

"चंद्रावती, हा टेक्निकल विषय आहे," सदाशिव नकाशावरून बोट न उचलता म्हणाला.

"ती काय सांगता तां आयकून तरी घेया," वत्सला म्हणाली.

पांडुरंग एरवी असं काही बोलला नसता. पण समोर साडू, साडूसमोर नकाशा, आणि आपल्याकडे दाखवायला नकाशा नाही, अशा वेळी माणूस तोंड उघडतो. "बायकांका मासे विकूक कळतत," तो हसत म्हणाला. "मासे खंय आसतत तां कळणा."

सदाशिव मोठ्याने हसला. वत्सला हसली नाही. तिने हातातला कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडे असं बघितलं की त्याने ते बघितलं असतं तर त्याला चहा गेला नसता. पण तो मशीनच्या वायरी सोडवत होता. बावीस वर्षांत तिला एवढं काही लागलं नव्हतं. चंद्रावतीने बहिणीचा चेहरा पाहिला, ओठांवर आलेलं परत गिळलं आणि ती मासे तळायला आत गेली.

खड्ड्याच्या काठावर तांबडी माती घोट्यापर्यंत चिकटत होती. राखणदार सदाशिवाला अजून सलाम ठोकत असे, त्यामुळे अडवायला कोणी नव्हतं. पाण्यावर पूर्वीच्या पंपाचा लोखंडी तराफा होता. दोघे साडू त्याच्यावर बसून, दोरी सोडत सोडत मधोमध गेले. पहिलं मोठं मशीन लावलं. तळ एकेचाळीस, मासे शून्य. सदाशिवाने स्वतःलाच शाबासकी दिली. दुसरं लावलं. तळ एकेचाळीस, मासे शून्य. पांडुरंग हिरमुसला, हे दोघे पक्के हरिश्चंद्र निघाले. मग तडा गेलेलं जुनं मशीन लावलं. तळ एकेचाळीस. आणि वर, सहा-सात मीटरवर, माशांच्या खुणेच्या कमानीमागून कमानी, नखांच्या चंद्रकोरींसारख्या, पडदाभर.

"हे बाद," सदाशिव म्हणाला. "धडधडीत खोटं बोलतंय."

पांडुरंगाने त्या मशीनला पोटाशी धरायचं तेवढं बाकी ठेवलं. "ह्यांच घेतंय," तो म्हणाला. "दर्याचां पाणी वेगळां, साडभाऊ. तुमका ना कळूचा." सदाशिव दुखावला, पण साडूच्या अकलेविषयी त्याचं मत लग्नाच्या मांडवातच तयार झालं होतं, म्हणून त्याने वाद घातला नाही.

जेवायला तळलेल्या माशाच्या तळहाताएवढ्या तुकड्या होत्या, वाफाळत्या. पांडुरंगाने चार फस्त केल्या. "पाळीत एवढां ताजां नुस्तां खंयचां गो, चंद्रावती?"

चंद्रावतीने बहिणीकडे बघितलं. "आमका काय कळता, भावोजी? आमी फक्त तळतांव."

"साखळीच्या बाजारातलं असणार," सदाशिव म्हणाला. त्याने आजवर कधी विचारलंच नव्हतं.

"गोड्या पाण्यातलां दिसता," पांडुरंगाने निकाल दिला; त्याच्या लेखी नुस्तां म्हणजे फक्त समुद्रातली मासळी. "ह्यांका आमी नुस्तां म्हणणांव ना." आणि पाचवी तुकडी उचलली.

घरी आल्यावर त्याने प्रथमेशला आणि सुदेशला सांगितलं, की एका मोठ्या सर्व्हेअरच्या देखरेखीखाली, मोजलेल्या पाण्यात, तिन्ही मशीनं तपासली आणि त्यातलं सगळ्यात खात्रीचं आणलं. यातला 'खात्रीचं' हा शब्द सोडला तर बाकी सगळं खरं होतं.

ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी पांडुरंग पेजेसमोर बसला आणि वाट पाहू लागला. बंदीतही बिनमोटारीच्या होड्यांची मासळी बाजारात येत होती, म्हणजे बातमीही येत असणार. वत्सलेने पेज वाढली, लोणचं वाढलं, आणि काहीच बोलली नाही.

"आज बाजारात कोण कोण होतां?" त्याने शेवटी विचारलं.

"बायकाच होत्यो."

"केरीच्यो?"

"त्योय होत्यो."

"मगे? काय म्हणत होत्यो?"

"माका विकूक कळता," वत्सला म्हणाली. "खंय आसतत तां कळणा. मशीन हाडलास मां? त्येका विचारा."

तेव्हा कुठे पांडुरंगाला पाळीचा तो चहा आठवला. माफी मागावी असं त्याच्या मनात आलं, पण बावीस वर्षांत सराव नसल्यामुळे शब्द सापडले नाहीत. उगाच त्याने पेजेत मीठ कमी आहे म्हटलं. मीठ बरोबर होतं.

पहाटे किनाऱ्यावर दहा तांडेल त्याच्या तोंडाकडे बघत उभे. त्याने पाणी चाखलं. खारट. पुन्हा चाखलं. खारटच. शेवटी अंदाजाने म्हणाला, "केरी." केरीला प्रथमेशने मशीन लावलं, पडदा कोरा. "टाक जाळां," पांडुरंग म्हणाला. जाळ्यात चार खेकडे आणि एक चप्पल आली. दुसऱ्या दिवशी त्याने शापोरा सांगितलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा केरी. तिन्ही दिवस पडदा कोरा, जाळं कोरं. समुद्राला दोष द्यायची लोकांची तयारी संपत आली होती, आणि पांडुरंगाला रात्रीची झोप लागेना. नाव जाणार, आणि तेही मशीनमुळे नव्हे, आपल्याच तोंडामुळे, हे त्याला आतून कुरतडत होतं.

चौथ्या दिवशी प्रथमेश म्हणाला, "काका, आज मशीनाचां आयकूया?"

पांडुरंगाला एवढंच हवं होतं. "आयकूया," तो म्हणाला, आणि मागून येणाऱ्या दहा होड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाला, "आज मशीन सांगतला तसां!" आज त्या खोटारड्याची सगळ्यांसमोर शोभा होणार, आणि आपली तीन दिवसांची चूक तिच्याखाली झाकली जाणार.

दोन तास पेट्रोल जाळत ते भिरभिरले. मग एकदम पडद्यावर चंद्रकोरी उमटल्या, पाळीला उमटल्या होत्या अगदी तशाच. जाळं टाकलं. ओढायला तिघांचे हात पुरेनात, शेजारच्या होडीतून दोघे उड्या मारून आले. बांगडे, नुसते बांगडे, होडीच्या तळाशी गुडघाभर तडफडत होते. क्षणभर पांडुरंग सगळं विसरला आणि पोरासारखा ओरडला. मग त्याला आठवलं की आपण बुडालो.

पण गंमत अशी की तो बुडाला नाही. प्रथमेशने संध्याकाळपर्यंत गावभर सांगितलं, "मशीन काकान पारखल्यान! तिनातलां नेमकां खरां काढल्यान!" आणि गावाने नेहमीप्रमाणे पांडुरंगाच्या नावाला आणखी एक मजला चढवला. जो माणूस समुद्र पारखतो तो मशीन नाही पारखणार? मच्छीमार संस्थेने ठरवलं की नारळी पौर्णिमेला पांडुरंगाचा जाहीर सत्कार करायचा, आणि बाकीच्या दहा होड्यांची मशीनं त्यानेच निवडून द्यायची.

पांडुरंगाला एकच कोडं सुटत नव्हतं. रिकाम्या खाणीत मासे दाखवणारं मशीन समुद्रात खरं कसं बोललं?

नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर मांडव घातला होता. सदाशिव आणि चंद्रावती पाळीहून आली. मांडवात शिरताना चंद्रावती सहज म्हणाली, "भावोजी, तुमचो श्रावण संपांदे, मगे खाणीतले कटले घेऊन येतंय. आता तर दोन-दोन किलोचे झालेत."

पांडुरंग जागच्या जागी थांबला. "खाणीतले?"

"तुमी जेवलास मां, पाच तुकड्यो! आमच्या बचत गटाक तळ्यात सोडूक माशांची पिलां गावलेली. तळां मातयेन भरलां, म्हणान आमी ती खाणीत सोडली, तीन वर्सां झाली." तिने नवऱ्याकडे तिरपं बघितलं. "सांगूक गेलंय, तर म्हणाले टेक्निकल विषय."

सदाशिव खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत राहिला. त्याच्या नकाशात मासे नव्हते. पांडुरंगाच्या डोक्यात तिन्ही मशीनं जागच्या जागी उलटी झाली. हरिश्चंद्र ठरलेली दोन्ही आंधळी होती, आणि ज्याला खोटं म्हणून पोटाशी धरलं तेच एकटं खरं. आपण पारखलं ते चुकीचं, पारखून काढलं ते बरोबर, आणि दोन्हीत आपला काडीचाही हात नाही.

"आता बोलावतो आपले पांडुरंग तांडेल यांना!" चेअरमन गौरेश माईकवरून गरजला. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, फोटो निघाले. गौरेशने वीस मिनिटं भाषण केलं, त्यात समुद्र एकदा आणि स्वतःचं शॅक-हॉटेल चारदा आलं. मग म्हणाला, "तर मामा, खात्रीचं मशीन कसं पारखायचं ते दोन शब्दांत सांगा!"

पांडुरंगाने समोर पाहिलं. बायकांच्या रांगेत वत्सला बसली होती, गौरेशच्या सुमंगलेच्या शेजारी. आज बोललो नाही तर कधीच नाही, असं त्याला वाटलं, आणि तो बोलला, पण ओठांवर हसू आणून बोलला. "मशीनबिशीन माका काय कळणा. बावीस वर्सां माजां मशीन घरातच आसा. ती बसली, थंय. ती सांगता आणि मी पाणी चाखतंय."

मांडव खदाखदा हसला. टाळ्या थांबेनात. "किती साधा माणूस!" कोणीतरी म्हणालं. "बायकोला मान देतो बघा!" गौरेशने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पेढे वाटायला सांगितलं.

घरी आल्यावर पांडुरंगाने शाल खुंटीला लावली. "सांगलंय मां सगळ्यांका?" तो म्हणाला. "त्येंनी मस्करी समाजली."

"तुमी हासान सांगल्यात," वत्सला म्हणाली. "म्हणान ते हासले."

तो पेजेसमोर बसला आणि पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे बघत बोलला. "पाळीक मी बोललंय तां बरां ना केलंय. आणि तुका म्हणान सांगतंय, मशीन होडयेच्या खाली काय आसा तेवढांच सांगता. खंय जावचां तां सांगणा. दोन तास पेट्रोल जाळलां त्या दिसा." तो थांबला. "फाल्यां सकाळी खंय जावं?"

वत्सलेने पेज वाढली. लोणचं वाढलं.

"तेरेखोल नदीच्या तोंडाक," ती म्हणाली. "पण पाणी चाखूचां ना."

पहाटे दहा तांडेल वाळूत उभे होते. पांडुरंग गुडघाभर पाण्यात शिरला, सवयीने वाकला, ओंजळ भरली आणि तशीच सोडून दिली. तो त्यांच्याकडे वळला. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "तेरेखोलच्या तोंडाक," तो म्हणाला. "माका न्हय कळलां. वत्सलान सांगलां. आजच न्हय, बावीस वर्सां तीच सांगता."

या खेपेला कोणी हसलं नाही. प्रथमेशने एकदा काकाकडे, एकदा हातातल्या मशीनकडे बघितलं आणि मुकाट्याने मोटर सुरू केली. बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी चेअरमन गौरेश पाणी तुडवत होडीजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, मामी आमच्या होडयेकय सांगतली? संस्थेतर्फे विचारतंय."

"तिका विचार," पांडुरंग म्हणाला. "पण आदी तुज्या घरात विचार. सुमंगला बाजारात तिच्याच पाठीमागे बसता."